विज्ञान-तंत्रज्ञानाची भाषणं इंग्रजीतून चिनीत: दुभाष्याने सराव कोणत्या क्रमाने करावा

एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी-सहावी पातळी झाली की बरेच जण यूट्यूबवर एखादं इंग्रजी भाषण लावतात, हेडफोन चढवतात आणि थेट चिनीत बोलायला लागतात. दोन मिनिटांत गाडी रुळावरून उतरते. एक संज्ञा आठवत नाही, ती आठवेपर्यंत एक 'बिलियन' निघून जातो आणि त्याच्या मागे लागावं तर वाक्याचा शेवट निसटतो. मग उपाय म्हणून आणखी भाषणं लावली जातात. भाषणांची संख्या वाढते, चुका त्याच राहतात, कारण सरावाचा क्रमच उलटा असतो. तोंड उघडणं सगळ्यात शेवटी यायला हवं. सात मिनिटांच्या भाषणाला दोन-तीन तासांची तयारी लागली तर त्यात काही जगावेगळं नाही.

खालचा क्रम मुख्यतः कन्सेक्युटिव्हसाठी आहे, म्हणजे वक्ता थांबल्यावर आपण बोलायचं तो प्रकार. सायमल्टेनियसबद्दल, म्हणजे वक्ता बोलत असतानाच आपण बोलायचं त्याबद्दल, शेवटी थोडं आहे. चिनी शब्द देवनागरीत अंदाजाने लिहिले आहेत आणि त्यात शब्दाचा अर्थ ठरवणारे सूर दिसत नाहीत. पाठ करताना पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतलं चिनी उच्चारलेखन, समोर ठेवा.

टप्पा 1: भाषण निवडा आणि श्रोता ठरवा

पाच ते आठ मिनिटांचं, लिखित मजकूर उपलब्ध असलेलं आणि वक्ता वाचून न दाखवता बोलतो आहे असं भाषण घ्या. कागद वाचणारा वक्ता श्वास घ्यायलाही थांबत नाही. त्याच्यामागे धावण्याची ही वेळ नव्हे. युरोपियन कमिशनच्या स्पीच रिपॉझिटरीमध्ये दुभाष्यांसाठीच काठिण्यपातळीनुसार लावलेली भाषणं आहेत. नासाच्या पत्रकार परिषदाही उपयोगी पडतात, कारण तिथे शास्त्रज्ञ पत्रकारांना समजेल असं बोलतात. नोबेल मेजवानीतली छोटी भाषणं चालतील, नोबेल व्याख्यानं मात्र आत्ता नकोत. नव्या फोनच्या लाँचिंगचे कार्यक्रमही माझ्या मते टाळावेत. त्यात निम्मी ब्रँडची नावं आणि निम्मी विशेषणं असतात.

मग ठरवा की श्रोते बीजिंगचे की तैपेईचे. तांत्रिक शब्दांत हा फरक मोठा आहे. लेझरला चीनच्या मुख्यभूमीवर 'जीग्वांग' म्हणतात, तैवानमध्ये 'लेइशअ'. सॉफ्टवेअर मुख्यभूमीवर 'र्वानज्येन', तैवानमध्ये 'र्वानथी'. नॅनोमीटर 'नामी' आणि 'नाइमी'. कृत्रिम बुद्धिमत्ता 'रनगोंग जरनंग' आणि 'रनगोंग जरह्वेइ'. सिलिकॉनला मुख्यभूमीवर 'ग्वेइ' आणि तैवानमध्ये 'शी' म्हणतात.

इशारा: एका सरावात दोन्हीकडचे शब्द मिसळू नका. श्रोत्याला अर्थ कळेल, पण तुम्ही विषयातले नाही हेही कळेल.

टप्पा 2: आधी विषय, तोही चिनीतून

इथे घाई केली की पुढचं सगळं डळमळतं. विषयाची ओळख इंग्रजीतून करून घेतली तर डोक्यात इंग्रजीची वाक्यरचना बसते आणि चिनी शब्द तिच्या मागून ओढत येतात. म्हणून सोप्या चिनीतले दोन-तीन माहितीपर लेख आधी वाचा आणि इंग्रजी मजकूर नंतर उघडा. चीनमधली शालेय विज्ञानाची पुस्तकं यासाठी फार चांगली, कारण त्यांत व्याख्या छोट्या आणि क्रियापदं नेमकी असतात.

समजा, भाषण जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवर आहे. ती 25 डिसेंबर 2021 ला सोडली गेली आणि तिच्या मुख्य आरशाचा व्यास 6.5 मीटर आहे, हे कुणीही पाठ करेल. पण ती अवरक्त प्रकाश का पाहते? विश्वाच्या प्रसरणामुळे फार दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्याच्या पलीकडे सरकतो, म्हणून. मग तिला पाच पदरी सूर्यकवच कशाला? अवरक्त म्हणजे उष्णतेचं प्रारण. दुर्बीण स्वतःच तापली तर तिचीच उष्णता त्या क्षीण प्रकाशाला बुडवून टाकेल. ही साखळी चिनीत सांगता आली तर वक्त्याचा एखादा दुवा ऐकायचा राहिला तरी अर्थाचा धागा सुटत नाही.

तपासा: कागद मिटून, कुणाला तरी समजावतो आहोत अशा थाटात दोन मिनिटं चिनीत बोला. वस्तू काय करते, कशामुळे करते, आधीच्यापेक्षा वेगळं काय, ही तीन उत्तरं अडखळत का होईना पण आली पाहिजेत. नाही आली तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा 3: शब्दसूची छोटी ठेवा, पण पूर्ण करा

दोनशे शब्दांच्या याद्या फक्त मनाच्या समाधानासाठी असतात. एका भाषणाला तीस-चाळीस शब्द पुरे. रकाने मात्र चार हवेत: इंग्रजी शब्द, सुरांसह चिनी शब्द, एका ओळीत अर्थ आणि त्या नामाबरोबर चालणारं चिनी क्रियापद. चौथा रकाना जवळजवळ सगळेच गाळतात आणि बोलताना नेमके तिथेच अडतात. 'उपग्रह' हा शब्द माहीत असतो, पण तो सोडणं म्हणजे 'फाशअ' आणि कक्षेत शिरणं म्हणजे 'रूग्वेइ' हे वेळेवर सुचत नाही.

संज्ञांसाठी मुख्यभूमीची प्रमाण चिनी हवी असेल तर 'शूयू त्साइश्येन' हा तिथल्या विज्ञानसंज्ञा समितीचा ऑनलाइन कोश पाहा. तैवानसाठी तिथल्या राष्ट्रीय शिक्षण संशोधन अकादमीचा संज्ञाकोश आहे. विकिपीडियाचा इंग्रजी लेख उघडून भाषा बदलायची युक्ती झटपट आहे, पण मिळालेला शब्द चिनी बातम्यांत खरंच वापरला जातो का, तेही बघून घ्या.

सूची करताना तीन प्रकारचे शब्द लाल पेनाने लिहा.

पहिला प्रकार, एक इंग्रजी शब्द आणि अनेक चिनी शब्द. 'सेल' जीवशास्त्रात 'शीबाओ', तर विजेच्या गाडीत 'द्येनशिन'. 'व्हेक्टर' गणितात 'श्यांगल्यांग', जनुक उपचारात 'त्साइथी' आणि डासांच्या संदर्भात 'बिंगमेइ'. 'प्लाझ्मा' रक्तातला असेल तर 'श्वेज्यांग', संलयन भट्टीतला असेल तर मुख्यभूमीवर 'दंगलीत्सथी'. 'पॉवर' तर भौतिकशास्त्रात, वीजमंडळात, गणितात आणि संगणकाच्या क्षमतेत चार ठिकाणी चार शब्द घेतो. भाषणात नेमका कोणता अर्थ आहे ते आधीच ठरवून ठेवा, बोलताना ठरवायला वेळ नसतो.

दुसरा प्रकार, सुरामुळे घात करणारे शब्द. आयन आणि कण हे दोन्ही 'लीत्स'च: आयनचा सूर वर चढतो, कणाचा खाली कोसळतो. अणू 'य्वानत्स' चढत्या सुरात आहे, तोच खाली पडला तर घराचं अंगण होतं. सेलेनियम आणि कथील तर मुख्यभूमीच्या उच्चारात सुरासकट एकच, 'शी'. अशा वेळी कथिलाच्या आधी 'धातू' हा शब्द जोडा आणि सेलेनियमनंतर 'मूलद्रव्य' म्हणा, म्हणजे श्रोता गोंधळणार नाही.

तिसरा प्रकार, नावं. वक्ता 'यांग आणि ली' म्हणाला आणि तुम्हीही तेवढंच म्हणालात तर चिनी श्रोता विचारात पडेल की कोणते यांग? 1957 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे ते यांग जनिंग आणि ली जंगदाओ, असं पूर्ण नाव यायला हवं. एनव्हिडिया या चिप कंपनीच्या जेन्सन हुआंग यांना चिनीत ह्वांग रनश्युन म्हणतात. 'जेन्सन'चा उच्चार चिनी थाटात करून दाखवण्यात काही अर्थ नाही. कंपनीचंही तसंच: मुख्यभूमीवर 'यिंगवेइदा', तैवानमध्ये 'ह्वेइदा'.

टप्पा 4: आकडे वेगळे घोटवा

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची इथे खास अडचण होते. इंग्रजी तीन-तीन अंकांनी मोजते, चिनी चार-चार अंकांनी, आणि आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. मिलियन ऐकला की आतल्या आत 'दहा लाख' होतं, मग त्याचं चिनी शोधलं जातं. दोन पायऱ्या झाल्या की वेळ जातो आणि शून्यही हरवतं. मधली मराठी पायरी काढून टाकायची, हे या टप्प्याचं काम.

चिनीत दहा हजारांचा 'वान' आणि दहा कोटींचा 'यी'. यावरून तीन नियम पाठ करा: मिलियनच्या आकड्याला शंभराने गुणा, 'वान' मिळतात. बिलियनच्या आकड्याला दहाने गुणा, 'यी' मिळतात. ट्रिलियनला गुणायला नको, तो 'वान-यी'. जगाची लोकसंख्या 8 बिलियन, म्हणजे 80 यी. '8 यी' म्हणून मोकळे होणारे खूप असतात, आणि त्या क्षणी सात अब्जांहून जास्त माणसं नाहीशी होतात. मानवी जनुकसंचात सुमारे 3 बिलियन बेसजोड्या, म्हणजे 30 यी.

कागदावर लिहिलेल्या आकड्याला उजवीकडून चार-चार अंकांवर उभी रेघ मारा. वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे 1,500,000 किलोमीटरवर आहे: 150|0000, म्हणजे 150 वान. सूर्य सुमारे 150,000,000 किलोमीटरवर: 1|5000|0000, म्हणजे दीड यी. एकाच भाषणात हे दोन्ही आकडे येऊ शकतात आणि कानाला ते जुळे भाऊ वाटतात. मध्ये रिकामं स्थान आलं तर 'लिंग' (शून्य) म्हणायला विसरू नका: 20,300 म्हणजे दोन वान, लिंग, तीनशे.

मोघम आकडेही सरावात घ्या. 'टेन्स ऑफ थाउजंड्स' म्हणजे 'जी-वान', 'हंड्रेड्स ऑफ थाउजंड्स' म्हणजे 'जी-शर-वान'. अचूक आकडे सांभाळणारे लोक इथे हमखास घसरतात.

टक्के सोपे आहेत. चिनीत 'शंभर भागांपैकी' आधी येतं आणि आकडा नंतर, आपल्या 'शेकडा वीस'सारखंच. पटींमध्ये मात्र सापळा आहे. 'त्संगज्या ल ल्यांग बेइ' म्हणजे दोन पटींची वाढ झाली, एकूण तिप्पट. 'त्संगज्या दाओ सान बेइ' म्हणजे वाढून तिप्पट झालं. 'ल' आणि 'दाओ' यांची अदलाबदल झाली की आकडा चुकला. इंग्रजी वक्ता खर्च 'थ्रीफोल्ड' कमी झाला म्हणतो, तेव्हा चिनीत 'एक तृतीयांशावर आला' असं सांगा. घट पटींत सांगणं चिनीत बसत नाही.

एककांचंही पाहा. चीनमध्ये विजेची क्षमता मेगावॅटपेक्षा 'वान किलोवॅट'मध्ये ऐकायची सवय आहे. थ्री गॉर्जेस धरणाची स्थापित क्षमता 22,500 मेगावॅट, म्हणजे 2250 वान किलोवॅट. 'जाओ' हा शब्द जपून वापरा: मुख्यभूमीवर तांत्रिक एककांत तो 'मेगा', तैवानमध्ये मोजताना तो ट्रिलियन.

तपासा: मित्राला वेगवेगळ्या लांबीचे वीस आकडे इंग्रजीत वाचायला सांगा आणि प्रत्येक आकडा तीन सेकंदांत चिनीत म्हणा. अठरा बरोबर येईपर्यंत रोज दहा मिनिटं द्या.

टप्पा 5: पहिल्यांदा पेन न घेता ऐका

भाषण एकदा सलग ऐका, हात रिकामे ठेवा. मग चिनीत पाच-सहा वाक्यांत सांगा: वक्ता कुठून निघाला, कुठे वळला, कुठे पोहोचला. तपशील गाळला तरी चालेल, वळणं गाळू नका. ज्यांना लगेच पेन हवं असतं ते शब्द ऐकतात, मुद्दा ऐकत नाहीत.

टप्पा 6: नोंदी

आता दीड-दोन मिनिटांचे तुकडे करा आणि नोंदी घेत ऐका. उभी छोटी वही, पानाच्या मध्यावर रेघ. कर्ता डावीकडे वर, क्रिया थोडी उजवीकडे खाली, कर्म त्याखाली, अशी पायऱ्या उतरणारी मांडणी. प्रत्येक मुद्द्यानंतर आडवी रेघ. समासात फक्त दुवे: पण, म्हणून, जर, तरी. आकडे, एककं आणि नावं लिहायचीच, बाकीचं जमेल तेवढं डोक्यात.

भाषा कोणती, हा नेहमीचा प्रश्न. ज्या चिनी अक्षरांना दोन-चार फटकारे लागतात ती घ्या (मोठा, माणूस, पाणी, वर, खाली), बाकी खुणा आणि बाण. अनोळखी परदेशी नाव ऐकू येईल तसं देवनागरीत टिपणं सगळ्यात वेगवान. त्याचं चिनी रूप सूचीत असेलच.

इशारा: विज्ञानाच्या भाषणात सावध शब्द नोंदीतून गळतात आणि तेच सर्वांत महाग पडतात. 'मे', 'सजेस्ट्स', 'अप टू', 'इन माइस'. संशोधक म्हणतो की निकाल असं सुचवतात, आणि दुभाष्या 'जंगमिंग' म्हणतो, म्हणजे सिद्ध झालं. तिथे 'ब्याओमिंग' (असं दिसून येतं) हवं. उंदरांवरचा प्रयोग माणसांवरचा करून टाकणं ही काही छोटी चूक नव्हे. या शब्दांसाठी एक ठरावीक खूण ठेवा, नागमोडी रेघ चालेल.

टप्पा 7: बोला, पण वाक्य तोडून

लांब इंग्रजी वाक्य कसं तोडायचं, ते एका खऱ्या वाक्यावर पाहू. 12 सप्टेंबर 1962 ला अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये चंद्रमोहिमेवर भाषण केलं. त्यात दीडशेच्या घरातल्या शब्दांचं एकच वाक्य आहे. सुरुवात 'जर मी असं म्हटलं की' अशी, मग चंद्र, अंतर, अग्निबाण, त्याची उंची, मिश्रधातू, उष्णता, आतली सामग्री, परतीचा वेग असं सगळं, आणि 'तर आपण धाडस केलं पाहिजे' हे अगदी शेवटी. ते 'जर' चिनीत 'रूग्वो' म्हणून उचललं तर 'तर' येईपर्यंत श्रोता सुरुवात विसरतो.

म्हणून 'जर'ऐवजी 'कल्पना करा' या अर्थाचं 'शअश्यांग यीश्या' म्हणा आणि पूर्णविराम द्या. पुढे प्रत्येक माहितीचं स्वतंत्र छोटं वाक्य: आपण चंद्राकडे एक प्रचंड अग्निबाण पाठवणार आहोत. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रापासून तो चंद्र 24 वान मैल दूर. अग्निबाणाची उंची 300 फुटांहून जास्त, या मैदानाच्या लांबीएवढी. तो नव्या मिश्रधातूंचा, त्यांतले काही अजून शोधलेलेही नाहीत. वेळ असेल तर एककं बदला: 38 वान किलोमीटरहून थोडं जास्त, सुमारे 91 मीटर, परतीचा वेग ताशी 4 वान किलोमीटर. वेळ नसेल तर मैल तसेच ठेवा. चुकीच्या किलोमीटरपेक्षा बरोबर मैल केव्हाही चांगले. शेवटी 'हे सगळं करायचं, नीट करायचं आणि सर्वांआधी करायचं, तर धाडस हवंच' असं गाठीला आणा.

मधली यादी ऐका: प्रणोदन, मार्गदर्शन, नियंत्रण, संदेशवहन. चिनीत हे चारही शब्द दोन-दोन अक्षरांचे आहेत, त्यामुळे यादी भराभर म्हणता येते, जोडशब्द नकोत. फक्त अग्निबाणाचं 'जरदाओ' पडत्या सुरात म्हणा. तिसऱ्या सुरात ते शिक्षकाने विद्यार्थ्याला केलेलं मार्गदर्शन होतं. सूर्याच्या निम्म्या तापमानाबद्दल बोलता बोलता केनेडी 'जवळजवळ आज इथे आहे तेवढंच गरम' असा चिमटा काढतात. तो चार शब्दांत त्याच जागी टाका आणि पुढे चला. विनोद समजावून सांगत बसलात की पुढचा मुद्दा गेला.

'बनवलेला', 'जोडलेला', 'आढळून आलं' अशा ठिकाणी इंग्रजी कर्मणी प्रयोग करते. चिनीत प्रत्येक वेळी 'बेइ' हा कर्मणीचा शब्द लावण्याची गरज नसते, बऱ्याचदा तो नसलेलाच बरा. उलट, नामाआधी विशेषण बसवायची चिनी पद्धत आपल्याला ओळखीची आहे ('काल सोडलेला उपग्रह'). तिचा फायदा घ्या, पण एका नामाआधी दोनपेक्षा जास्त विशेषणं रचू नका.

टप्पा 8: रेकॉर्डिंग तीनदा ऐका

एकदाच ऐकून 'बरं झालं' म्हणणं निरुपयोगी. पहिल्या फेरीत मजकूर समोर ठेवून फक्त आकडे, एककं आणि नावं तपासा. दुसऱ्या फेरीत नकार, सावध शब्द आणि कार्यकारण: 'संबंध आढळला'चं 'त्यामुळे होतं' झालं का? तिसऱ्या फेरीत मजकूर बाजूला ठेवा आणि इंग्रजी न येणाऱ्या श्रोत्याच्या कानांनी ऐका. ओळखीचं कुणी चिनीभाषक असेल तर त्याला फक्त तुमचं रेकॉर्डिंग द्या आणि तीन वाक्यांत सार विचारा. तो विज्ञानातला नसेल तर अधिक चांगलं. दर वाक्याला 'रानहोउ' (मग) आणि 'नेइग' (ते हे) असे भरतीचे शब्द येत असतील तर तेही इथेच कळेल.

तेच भाषण आठवड्याने पुन्हा करा, जुन्या नोंदी न बघता. दुसऱ्या खेपेला सापडणाऱ्या चुका सहसा भाषेच्या असतात, विषयाच्या नाही, आणि त्या सुधारायला सोप्या.

टप्पा 9: सायमल्टेनियसकडे कधी वळायचं

दोन मिनिटांचा तुकडा आकड्यांची चूक न करता सांगता यायला लागला की. त्याआधी बूथचा (सायमल्टेनियस दुभाष्याच्या बंद खोलीतला) सराव म्हणजे अडखळण्याचीच सवय लावून घेणं. सुरुवात छापील मजकुरापासून: इंग्रजी मजकुरावर अर्थाच्या तुकड्यांना तिरक्या रेघा मारा आणि त्याच क्रमाने, मागे न जाता, चिनीत बोलत जा. चीनमधले दुभाषे याला 'शुनज्यू छ्यूदोंग' म्हणतात, वाक्याच्या ओघाने जाणं. शॅडोइंग, म्हणजे ऐकता ऐकता तेच मागोमाग म्हणणं, करायचं तर चिनी विज्ञानवार्तांचं करा, इंग्रजीचं नको, कारण जीभ चिनीत पळायला हवी.

प्रत्यक्ष बूथमध्ये दोघं असतात आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलते. सरावातही जोडीदार घ्या. ज्याची पाळी नाही त्याने रिकामं बसायचं नाही: ऐकू आलेला प्रत्येक आकडा चार-चार अंकांवर रेघ मारून कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि बोलणाऱ्याच्या समोर सरकवायचा.